जुन्या इंग्रजीत ओळखीचे शब्द घात करतात तो असा

प्रश्न थोडक्यात असा: जुना करारनामा, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला कागद किंवा दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी पुस्तक वाचायला घेतलं, की बहुतेक शब्द माहितीचे असतात, तरी वाक्याचा अर्थ लागत नाही किंवा भलताच लागतो. असे शब्द ओळखायचे कसे, त्यांचे अर्थ शोधायचे कुठे, आणि 'दाऊ', 'हॅथ', 'देअरऑफ' या मंडळींचं करायचं काय?

अनोळखी शब्दाची भीती बाळगू नका. जुन्या खरेदीखतात 'मेसविज' दिसला की वाचणारा थांबतो आणि कोश उघडतो. राहतं घर आणि त्याला लागून असलेली जागा असा अर्थ मिळतो, विषय संपतो. नुकसान होतं ते ओळखीच्या शब्दामुळे. तिथे थांबायचं मनातच येत नाही, आजचा अर्थ आपोआप बसतो आणि वाक्य बरोबर वाचल्यासारखं वाटतं.

याचा नमुना बघायला ग्रंथालयात जायची गरज नाही, भारतीय पासपोर्ट पुरेसा आहे. आत राष्ट्रपतींच्या नावाने एक लांबलचक वाक्य छापलेलं असतं. पासपोर्टधारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं आणि त्याला लागेल ते साहाय्य 'अफोर्ड' करावं, अशी सर्व संबंधितांना 'रिक्वेस्ट' आणि 'रिक्वायर' केलेली आहे. यातला 'लेट' हा एल-ई-टी असा तीन अक्षरी. आज त्याचा अर्थ 'करू देणे'. मग 'करू दिल्याशिवाय जाऊ द्या' म्हणजे काय? खरं तर इंग्रजीत एकेकाळी दोन वेगळी क्रियापदं होती, एक 'होऊ देणे' या अर्थाचं आणि दुसरं 'अडवणे' या अर्थाचं. उच्चार झिजत झिजत दोन्ही एकसारखी झाली. एकाच शब्दाला दोन उलटे अर्थ फार काळ चालत नाहीत, त्यामुळे अडवण्याचा अर्थ मागे पडला. तो आता या सरकारी वाक्यात आणि टेनिसमध्ये उरलाय. सर्व्हिस जाळीला लागून पलीकडे पडली की पंच 'लेट' म्हणतात तो हाच अडथळा. हॅम्लेट आपल्या सोबत्यांना बजावतो, जो मला 'लेट' करील त्याचं मी भूत करीन. तिथेही अडवणाराच अभिप्रेत आहे. 'अफोर्ड' म्हणजे इथे पुरवणे, देणे. परवडण्याचा काही संबंध नाही. आणि 'रिक्वायर' म्हणजे अधिकाराने सांगणे. एका वाक्यात तीन शब्द, तिन्ही पाचवीतल्या मुलाला येणारे, आणि तिघांचाही अर्थ आजचा नाही.

कायद्याच्या इंग्रजीत हे सर्वांत जास्त आहे, कारण कायदा जुना शब्द सहसा टाकत नाही. एकदा न्यायालयाने एखाद्या शब्दाचा अर्थ ठरवला, की तो बदलण्यात जोखीम असते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १११ सांगतं की भाडेपट्टा अमुक अमुक प्रकारे 'डिटरमाइन' होतो. ठरतो असं वाचलंत तर पूर्ण कलम उलटं होईल, तो संपतो. त्याच भाडेपट्ट्यात 'डिमाइझ्ड प्रिमायसेस' येतं. कोणी वारलेलं नाही, भाडेपट्ट्याने दिलेली जागा एवढाच अर्थ. 'क्वाएट एन्जॉयमेंट' म्हणजे मालकाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या आडकाठीशिवाय ताबा-वहिवाट, मग शेजारी कितीही ढोल वाजोत. 'कन्सिडरेशन' म्हणजे मोबदला. 'इश्यू' म्हणजे वारसाच्या संदर्भात संतती आणि दाव्याच्या संदर्भात वादाचा मुद्दा. 'इन्फंट' म्हणजे अज्ञान, कायद्याने वयात न आलेला, मग तो सतरा वर्षांचा का असेना. 'प्रेझेंट्स' म्हणजे हाच दस्त. दस्त 'एक्झिक्यूट' करणं म्हणजे सह्या करून तो पुरा करणं. अपील 'प्रिफर' करणं म्हणजे दाखल करणं, आणि करार 'अव्हॉइड' करणं म्हणजे तो रद्दबातल ठरवणं. भारतीय दंड संहितेच्या कलम ४२५ मधलं 'मिस्चिफ' खोडी वाटतं, पण तो दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून केलेलं नुकसान हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कलम ३२४ मध्ये त्याच शब्दाने आहे.

दस्तातल्या 'हिअर-', 'देअर-', 'वेअर-' या शब्दांनी लोक उगाच दबतात. मराठी माणसाला तर ते सोपे जायला हवेत, कारण आपल्याकडे हा-तो-जो ही तिहेरी रचना रोजच्या बोलण्यात आहे. 'हिअर' म्हणजे हा, 'देअर' म्हणजे तो, 'वेअर' म्हणजे जो. मागे जोडलेला तुकडा म्हणजे विभक्ती. हिअरइन म्हणजे यात, देअरइन म्हणजे त्यात, वेअरइन म्हणजे ज्यात. देअरऑफ त्याचा, वेअरबाय ज्यायोगे, हिअरटू याला किंवा यासोबत. साध्या इंग्रजीत सोडवायचा असेल तर शब्द उलटा करा, शेवटचा तुकडा आधी (हिअरइन म्हणजे 'इन धिस'), आणि अर्थ सुटतो. फक्त एक पथ्य पाळा. 'हिअर'वाला शब्द जवळजवळ नेहमी हातातल्या दस्ताकडे बोट दाखवतो आणि 'देअर'वाला नुकत्याच उल्लेख झालेल्या वस्तूकडे. 'हिअरअंडर' म्हणजे या दस्तान्वये, 'देअरअंडर' म्हणजे वर ज्या कायद्याचा किंवा कराराचा उल्लेख आला त्याअन्वये. वकिलांचे अर्धे वाद हा 'तो' म्हणजे नेमका कोण यावरच होतात, म्हणून 'देअरऑफ' दिसला की मागे जाऊन त्याचं नाम पेन्सिलीने अधोरेखित करा. 'वेअरॲज'साठी तर आपल्याकडे आयता शब्द आहे. शासकीय अधिसूचनेत 'ज्याअर्थी… त्याअर्थी' असतं ना, त्यातला 'ज्याअर्थी' म्हणजे तोच.

जागेचे शब्द याच घरातले. हिअर-देअर-वेअर म्हणजे इथे, तिथे, कुठे. हिदर-दिदर-व्हिदर म्हणजे इकडे, तिकडे, कुणीकडे. हेन्स-देन्स-व्हेन्स म्हणजे इथून, तिथून, कुठून. आज यातलं 'हेन्स' तेवढं 'म्हणून' या अर्थाने रोजच्या वापरात आहे. पण जुन्या पत्रात 'अ मंथ हेन्स' म्हणजे आजपासून महिनाभराने.

मात्र 'वेअरफोर'मध्ये जागा नाही. तो 'का' आहे. शेक्सपिअरची ज्युलिएट 'वेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' म्हणते तेव्हा ती रोमिओला शोधत नसते. तू नेमका वैऱ्याच्या घराण्यातला रोमिओच का, असं ती विचारते आहे. पुढचं सगळं भाषण नावावर आहे ते त्यामुळे. स्नेहसंमेलनातल्या ज्युलिएटा तरीही कपाळावर आडवा हात धरून बाग धुंडाळतात.

आता 'दाऊ'. प्रार्थनेत सतत येतो म्हणून तो फार आदराचा असावा अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो आपला 'तू' आहे. देवाला, जिवलगाला, लहानाला आणि हलक्या समजल्या जाणाऱ्या माणसाला 'दाऊ'. बरोबरीच्या परक्याला आणि वरच्याला 'यू'. विठोबाला आपण 'तू' म्हणतो आणि मामलेदाराला 'आपण', तसंच. त्याचं रूप वाक्यातल्या जागेप्रमाणे बदलतं: कर्ता असेल तर दाऊ, 'तुला' असेल तर दी, 'तुझा' असेल तर दाय, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर दाईन. अनेकवचनात कर्ता 'यी' आणि कर्म 'यू'. १६११च्या इंग्रजी बायबलात हा भेद बराच काटेकोर आहे, शेक्सपिअरमध्ये 'यी' आणि 'यू' एकमेकांत मिसळू लागलेले दिसतात. क्रियापदही सोबत बदलतं: दाऊसोबत आर्ट, हॅस्ट, डस्ट, शॅल्ट, विल्ट, तृतीयपुरुषी एकवचनात हॅथ, डथ आणि शेवटी 'एथ' लागलेली रूपं. 'आय हॅथ' कधीच नव्हतं. जुनेपणाचा साज चढवायला लोक पत्रिकांवर असलं काहीतरी छापतात, ते सरळ चूक आहे.

हा भेद कळला की नाटक आणि खटल्यांचे वृत्तांत वेगळेच वाचता येतात. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजूचा एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याला म्हणाला, 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर'. इथे 'दाऊ' क्रियापद झालंय. मराठीत याला चपखल शब्दप्रयोग आहे: कोक एकेरीवर आला. पात्र मध्येच 'यू'वरून 'दाऊ'वर गेलं तर राग, लाड किंवा अपमान यांपैकी काहीतरी घडलंय, आणि ते संवादाच्या मजकुरात दिसेलच असं नाही. दुकानाच्या पाटीवरचं 'यी ओल्ड' मात्र या 'यी'चं कोणी लागत नाही. जुन्या लिपीत 'थ'साठी एक स्वतंत्र अक्षर होतं, ते हस्ताक्षरात वायसारखं दिसू लागलं आणि छापखान्यात त्याजागी वाय बसला. ती पाटी 'द ओल्ड' अशीच वाचायची.

वेळेचे शब्द तारखेवाचून वाचूच नयेत. 'सून', 'अनॉन', 'बाय अँड बाय', 'प्रेझेंटली' या सगळ्यांचा मूळ किंवा जुना अर्थ 'ताबडतोब'. माणसं 'ताबडतोब' म्हणून उशीर करत राहिली आणि शब्दांचा अर्थ 'थोड्या वेळाने' झाला. ('आत्ता आलो' याचं मराठीत काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे.) त्यामुळे 'प्रेझेंटली' सोळाव्या शतकात लगेच, व्हिक्टोरियन कादंबरीत जरा वेळाने, आणि आजच्या भारतीय किंवा अमेरिकन मजकुरात सध्या. १६११च्या बायबलात मार्कच्या सहाव्या अध्यायात हेरोदियाची मुलगी राजाकडे योहानाचं शीर मागते, 'बाय अँड बाय इन अ चार्जर'. म्हणजे सवडीने नव्हे, या क्षणी. आणि चार्जर म्हणजे मोठं तबक.

त्याच बायबलाच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बी असलेल्या वनस्पती आणि फळं देतो, 'फॉर मीट'. फळं मांस कशी होतील? 'मीट' म्हणजे तेव्हा अन्न, कुठलंही. 'स्वीटमीट' म्हणजे मिठाई ती यामुळेच. 'कॉर्न' म्हणजे धान्य, त्या भागात जे मुख्य असेल ते. ब्रिटनमध्ये १८४६ साली रद्द झालेले 'कॉर्न लॉज' मुख्यतः गव्हासारख्या धान्याचे होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) 'कॉर्न' दिसला तर मका डोळ्यांपुढे आणू नका. 'व्हल्गर' म्हणजे सर्वसामान्य, लोकांतला. शाळेतले व्यवहारी अपूर्णांक इंग्रजीत 'व्हल्गर फ्रॅक्शन्स' आहेत, त्यांत अश्लील काही नाही. तीच गत 'इंटरकोर्स'ची. जुन्या कागदात तो व्यापार, दळणवळण, येणंजाणं आहे, आणि 'मेक लव्ह' म्हणजे गोड बोलून मन वळवणं, तेही बहुधा दिवाणखान्यात चार माणसांत.

स्वभाव सांगणारे शब्द वर-खाली फार झाले, त्यामुळे स्तुती निंदा वाटते आणि निंदा स्तुती. जेन ऑस्टिनच्या काळात 'कन्डिसेन्शन' हा थोर माणसाचा गुण होता, मोठेपणा विसरून खालच्याशी आपुलकीने वागणं. 'पथेटिक' म्हणजे हृदयाला हात घालणारं. अठराव्या शतकातलं 'एन्थुझिॲझम' बहुधा शिवी असते, धर्मवेड या अर्थाची. 'सेन्सिबल ऑफ' म्हणजे जाणीव असलेला. 'नाइस' मुळात मूर्ख, मग चोखंदळ, मग सूक्ष्म, मग छान. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हटलं की अजूनही सूक्ष्म भेद. नातीही तपासून घ्या: 'मदर-इन-लॉ' एकोणिसाव्या शतकात सावत्र आईही असू शकते, आणि 'फ्रेंड्स' म्हणजे बऱ्याचदा घरची मंडळी.

मराठ्यांच्या इतिहासासाठी कंपनीचे कागद वाचणाऱ्यांनी 'फॅक्टरी'पाशी थांबायलाच हवं. सुरतेची किंवा राजापूरची इंग्लिश फॅक्टरी म्हणजे वखार. तिथे माल तयार होत नसे, 'फॅक्टर' म्हणजे कंपनीचा व्यापारी प्रतिनिधी तो विकत घेऊन साठवत असे. त्याच्या खालचा 'रायटर' म्हणजे कारकून. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगशी साहित्याचा संबंध नाही. 'सर्व्हंट' म्हणजे कंपनीचा कर्मचारी, अगदी गव्हर्नरसुद्धा. 'प्यून' म्हणजे पायदळातला हत्यारबंद माणूस. आपला 'शिपाई' लष्करातून कचेरीच्या दारात आला, तसाच हाही. 'टँक' म्हणजे तळं. आणि आंग्र्यांच्या आरमाराबद्दल वाचताना 'ग्रॅब' आला तर कोणी काही हिसकावत नाहीये. ती गुराब आहे, मूळ अरबी शब्द, आणि तिच्या जोडीने येणारं 'गॅलिव्हॅट' हे गलबताच्या वर्गातलं. इथे साधा इंग्रजी कोश कामाचा नाही. यूल आणि बर्नेल यांचा १८८६चा हॉब्सन-जॉब्सन हा कोश उघडा, महसुलाचे आणि कोर्टाचे देशी शब्द असतील तर एच. एच. विल्सनची १८५५ची ग्लॉसरी.

या कागदांतल्या तारखाही शब्दांइतक्याच फसव्या असतात. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून मुंबईच्या एखाद्या इंग्लिश पत्रावर १० फेब्रुवारी १६७३ असेल, तर आपल्या हिशेबाने ते १६७४चं, म्हणजे राज्याभिषेकाच्याच वर्षातलं असण्याची दाट शक्यता. काळजी घेणारा लेखक १६७३/४ असं दुहेरी लिही. शिवाय इंग्लिश दिनदर्शिका तेव्हा दहा दिवस मागे होती आणि गोव्याचे पोर्तुगीज नव्या दिनदर्शिकेवर होते. एकाच दिवशी मुंबईत आणि गोव्यात लिहिलेल्या पत्रांवर दहा दिवसांच्या फरकाच्या तारखा पडत. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ उजाडली (तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता) तेव्हा हा घोळ इंग्रजांपुरता मिटला. पत्रातली 'इन्स्ट.', 'अल्ट.', 'प्रॉक्स.' ही टिपणं म्हणजे चालू, गेला आणि येता महिना. 'युअर फेव्हर ऑफ द फिफ्थ अल्टिमो' म्हणजे आपलं गेल्या महिन्याच्या ५ तारखेचं पत्र. आकड्यांत 'स्कोअर' म्हणजे वीस, आपल्या 'तीन विसा'सारखं मोजायचं. १९७४ पूर्वीच्या ब्रिटिश मजकुरातला 'बिलियन' बहुधा एकावर बारा शून्यांचा आहे, नऊ शून्यांचा नव्हे. हिशेब करायला बसलात तर हे आधी बघा.

मृत्यूच्या नोंदी वाचायच्या असतील तर एवढं पुरे: कन्झम्प्शन म्हणजे क्षय, एग्यू म्हणजे थंडीताप, फ्लक्स म्हणजे हगवण, ड्रॉप्सी म्हणजे अंगात पाणी साठून येणारी सूज, मॉर्टिफिकेशन म्हणजे अवयव सडणं, आणि फिझिक म्हणजे औषध, बहुतेक वेळा जुलाबाचं.

शोधायची पद्धत अशी ठेवा. आधी मजकुराचं साल लिहून घ्या. त्याशिवाय कुठलाच अर्थ पक्का होत नाही. मग वाक्य आजच्या अर्थाने वाचा आणि कुठे खडबडतं ते बघा: फळं 'मीट' कशी, संपत्ती 'एन्जॉय' कशी, भाडेपट्टा 'डिटरमाइन' कसा. खडबडलं की वाक्यातला सर्वांत साधा शब्द संशयित धरा, अवघड नव्हे. शब्दामागचं अव्यय बघा, 'सेन्सिबल' आणि 'सेन्सिबल ऑफ' ही दोन वेगळी कामं आहेत. मग तो शब्द कुठल्या गोठलेल्या प्रयोगात उरलाय का ते आठवा. 'क्विक' म्हणजे जिवंत हे 'क्विकसिल्व्हर'वरून (पारा, जणू जिवंत चांदी), 'वाँट' म्हणजे उणीव हे 'फॉर वाँट ऑफ'वरून लगेच उलगडतं.

कोश उघडल्यावर अर्थांचा क्रम पाहा, कारण सगळे कोश एक क्रम पाळत नाहीत. विद्यार्थ्यांसाठीच्या ऑक्सफर्ड कोशात आजचा नेहमीचा अर्थ पहिला असतो. मेरिअम-वेबस्टरमध्ये बहुधा जुना अर्थ पहिला येतो, आणि तिथे पहिलाच अर्थ उचलणारे आजच्या ईमेलमध्ये अठरावं शतक घालतात. 'आर्केइक' ही खूण म्हणजे शब्द जुना पण जाणूनबुजून वापरला जातो, 'ऑब्सोलीट' म्हणजे वापरातून गेलेला, 'डेटेड' म्हणजे आजी-आजोबांच्या पिढीचा. मोठा ऑक्सफर्ड कोश मेलेल्या अर्थापुढे कट्यारीचं चिन्ह देतो आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे देतो. तुमच्या मजकुराच्या सालाजवळचा उतारा ज्या अर्थाखाली असेल, तिथून सुरुवात करा. तो हाताशी नसेल तर अठराव्या शतकासाठी जॉन्सनचा १७५५चा आणि एकोणिसाव्यासाठी वेबस्टरचा १८२८चा कोश इंटरनेटवर फुकट आहेत. मराठी वाचकाकडे आणखी एक साधन आहे, मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोश. त्यात इंग्रजी शब्दाला त्या काळाचेच मराठी प्रतिशब्द दिलेले आहेत, म्हणून मुंबई इलाख्यातला कागद असेल तर तो सर्वांत आधी चाळावा.

स्कॅन केलेल्या पुस्तकात शब्द शोधणार असाल तर एक छपाईची गोष्ट ध्यानात ठेवा. सुमारे १८०० पर्यंत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब एस छापत, तो एफसारखा दिसतो आणि संगणकही बऱ्याचदा एफच वाचतो. 'वाइज'चं 'वाइफ' होतं आणि 'सेम'चं 'फेम'. शहाण्या माणसाच्या जागी कोणाची तरी बायको आली, तर मूळ पान डोळ्यांनी बघा: एफची आडवी रेघ दांड्याच्या आरपार जाते, लांब एसला ती नसतेच किंवा डावीकडे अर्धीच असते. शोध घेताना शब्द दोन्ही प्रकारे लिहून बघा, नाहीतर अर्धे उल्लेख हाती लागणार नाहीत.